साखरपुड्याची अंगठी

सिंदी मेघे हें वर्धा शहराला लागून असलेलें गांव. पिपरी मेघे, सावंगी मेघे, बोरगांव मेघे हीं त्याचीं शेजारचीं भावंडें. शहर वाढत गेलें, तशी गांवाची वेस व शहराचा शेवटचा रस्ता यांच्यांत ओळखूं येईल असें अंतर उरलें नाहीं. अशा ठिकाणच्या एखाद्या मध्यम स्थितींतील घराचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावें. मुलाचें लग्न ठरलें आहे. साखरपुडा पंधरा दिवसांवर आला आहे, आणि बैठकीच्या खोलींतील मेजावर जवाहिऱ्याकडून आलेलीं अंगठ्यांचीं तीन चित्रें पसरलीं आहेत. मुलाच्या आत्याला पहिलें चित्र पसंत आहे : चार काट्यांवर उंच बसविलेला टपोरा हिरा. आजीचा कल दुसऱ्या चित्रांतील मोत्याकडे आहे. तिच्या लग्नांतली मोत्यांची नथ अजून पेटींत आहे आणि मोत्यांचें पाणी उतरलेलें नाहीं. तिसऱ्या चित्रांत मधोमध पाचू व भोंवतीं बारीक खड्यांची फुली आहे. ती मुलाच्या आईला आवडली आहे. वडिलांचें लक्ष चित्रांकडे नाहींच. तें प्रत्येक चित्राखालीं पेन्सिलीनें लिहिलेल्या आंकड्याकडे आहे.

जिच्या बोटांत ही अंगठी जावयाची ती मुलगी जवळच्या रुग्णालयांत परिचारिका आहे. भावी सासूबाईंच्या आग्रहावरून ती चित्रें पाहावयास आली आहे. बराच वेळ गप्प बसून शेवटीं ती म्हणते, "काकू, तिन्ही सुरेख आहेत. पण वॉर्डांत अशी अंगठी घालतां येत नाहीं. दिवसांतून वीस वेळां हात धुवावे लागतात, हातमोजे घालावे लागतात. ही कपाटांतच राहील."

अंगठीची निवड बहुधा रत्नापासून सुरू होते व घाटावर संपते. ज्या हातांत ती राहावयाची त्या हाताला दिवसभर काय काय करावें लागतें, हा प्रश्न शेवटपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वास्तविक निवडीचा आरंभ तेथून व्हावयास हवा. एका संध्याकाळच्या समारंभापुरती अंगठी आणि चाळीस-पन्नास वर्षें बोटांत राहणारी अंगठी, यांचीं रत्नें वेगळीं, घाट वेगळा आणि हिशेबही वेगळा.

प्रथम ह्या अंगठीचें मूळ पाहावें. साखरपुडा म्हणजे नांवाप्रमाणें साखरेचा पुडा. मुलीच्या हातीं तो द्यावयाचा, साडीचोळी द्यावयाची, ओटी भरावयाची, आणि चार वडीलधाऱ्यांच्या देखत सोयरीक पक्की झाल्याचें सांगावयाचें. याचेंच संस्कृत नांव वाङ्निश्चय. त्यांत महत्त्व आहे वाणीला, दिलेल्या शब्दाला. मंगळसूत्र, जोडवीं, हिरव्या बांगड्या, कुंकू हीं महाराष्ट्रीय सौभाग्यचिन्हें. त्यांत अंगठीला स्थान नाहीं. साखरपुड्यांत ती मागाहून आली. पाश्चात्य रीतीचा तिच्यावर पुष्कळ परिणाम आहे, हें मान्य केलें म्हणून तिला परकी म्हणण्याचें कारण नाहीं. कारण खुणेची मुद्रिका ही कल्पना आपल्या वाङ्मयांत फार जुनी आहे. हनुमंतानें अशोकवनांत सीतेला दिलेल्या अंगठीवर रामाचें नांव होतें. कालिदासाच्या शाकुंतलांतील अंगठी तर सर्व कथेचा कणा. ती रत्नजडित होती. तथापि कोळ्याजवळ ती सांपडतांच राजपुरुषांनीं ओळखली ती तिच्यावर कोरलेल्या दुष्यंताच्या नांवामुळें. आणि ती हरवली कशी? शचीतीर्थावर पाण्यांत हात घातला असतां बोटांतून निसटली. अंगठी बोटाला बेताची बसावी, हा धडा इतका जुना आहे.

युरोपांतील प्रकारही पाहण्यासारखा आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या काळीं, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, नियोजित वधूला लोखंडाची, खड्याशिवायची अंगठी पाठविण्याची रीत होती. हिऱ्याच्या वाग्दान-मुद्रिकेचें प्रसिद्ध जुनें उदाहरण १४७७ सालचें. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियननें बर्गंडीच्या मेरीला ती दिली. त्या काळीं युरोपांत पोंचणारे हिरे मुख्यतः हिंदुस्थानांतलेच असत, आणि ते राजघराण्यांबाहेर क्वचितच जात. अठराव्या शतकांत ब्राझीलमध्यें व १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेंत हिरे मुबलक सांपडूं लागले, तेव्हां ते खपविण्याची गरज निर्माण झाली. हिरा चिरंतन असतो अशा अर्थाचें डी बीअर्स कंपनीचें जगप्रसिद्ध जाहिरात-वाक्य १९४७ सालचें आहे. म्हणजे "साखरपुडा म्हटला कीं हिरा हवाच" हा आग्रह आत्याबाईंना परंपरेसारखा वाटत असला, तरी त्याचें वय आजीच्या वयाहून फारसें अधिक नाहीं.

हिरा मात्र विदर्भाला परका नव्हे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत हिऱ्यांचीं स्थानें सांगतांना वेणा नदीच्या तीराचा उल्लेख केला आहे, आणि कांहीं अभ्यासक ही वेणा म्हणजे आपली वैनगंगा असें मानतात. आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील वैरागड येथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फझलच्या ऐन-इ-अकबरींत आहे. भंडारा जिल्ह्यांत पोहरा येथें कुरुंद सांपडतो. माणिक व नील हीं दोन्ही रत्नें ह्याच खनिजाचीं शुद्ध व पारदर्शक रूपें. पोहऱ्याचा कुरुंद बोटांत घालण्याजोगा नव्हे, परंतु कुळी तीच. नागपूर-भंडाऱ्याकडील मँगेनीजच्या खडकांत तामड्याच्या जातीचें एक खनिज विपुल आहे. त्या खडकाला भूशास्त्रज्ञ फर्मर यानें १९०९ सालीं गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असें नांव दिलें. आणि वर्ध्याच्या काळ्या मातीखालीं जो बेसाल्ट पसरला आहे, त्याच्या पोकळ्यांत अकीक व गारगोटी सांपडतात. नांगराच्या फाळाशीं वर येणारी ती पांढुरकी, पट्ट्यापट्ट्यांची गारगोटी पुष्कळ मुलांनीं खिशांत जपलेली असेल.

ह्या गारगोटीवरूनच रत्नाच्या निवडीची पहिली कसोटी समजून घेतां येते. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोस यानें १८१२ सालीं खनिजांच्या काठिण्याची एक श्रेणी लावली. जें खनिज दुसऱ्यावर ओरखडा काढतें तें अधिक कठीण, असा तिचा साधा नियम. ह्या श्रेणींत हिऱ्याचा क्रमांक १०, माणिक व नील यांचा ९, लसण्याचा साडेआठ, पाचूचा साडेसात ते आठ, गारगोटीचा ७. पिरोजा ५ ते ६, उपल साडेपांच ते साडेसहा, आणि पोवळें व मोती ४ च्या आसपास किंवा त्याहूनही खालीं. आतां घरांतील व रस्त्यावरील धुळींत जे वाळूचे कण असतात, ते गारगोटीच्याच जातीचे, म्हणजे ७ काठिण्याचे. तेव्हां ७ व त्याहून कमी काठिण्याचें रत्न रोज बोटांत घातलें, तर नुसती धूळ पुसतांना देखील त्याच्यावर सूक्ष्म चरे उठत जातात. पहिल्या वर्षीं तें दिसत नाहीं; पांचव्या वर्षीं रत्न 'मेलें' असें वाटूं लागतें. दोष रत्नाचा नसतो, जागेचा असतो.

आजीच्या नथेंतील मोत्यांचें पाणी साठ वर्षें कां टिकलें, याचें उत्तर येथें मिळतें. नथ सणासुदीला नाकांत जाते व रात्रीं मऊ फडक्यांत गुंडाळून पेटींत परत येते. तिला कणीक मळावी लागत नाहीं, काथ्यानें भांडीं घासावीं लागत नाहींत, साबणाशीं तिचा संबंध येत नाहीं. मोती हा शिंपल्यांतील जीवानें एकावर एक चढविलेल्या चुनामय थरांचा बनलेला असतो. आंबट पदार्थ, घाम, अत्तर, साबण हीं सर्व त्याला बाधक. आपल्या पूर्वजांनीं मोती नथेंत, तन्मण्यांत, कुड्यांत घातला व रोजच्या राबत्या हातापासून दूर ठेविला, ह्यांत मोठी समज आहे. पिरोज्याला तेल व हळद शोषून घेण्याची खोड आहे. उपलाच्या अंगांत पाणी असतें; वर्ध्याच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, अशा हवेंत त्याला तडा जाण्याचें भय अधिक. हीं रत्नें सुंदर आहेत, परंतु रोजच्या अंगठींत घालण्यासारखीं नव्हेत.

पाचूची गोष्ट थोडी निराळी. काठिण्याच्या मानानें तो बोटांत टिकावयास हवा. परंतु निसर्गतःच त्याच्या पोटांत बारीक भेगा असतात, आणि त्या दिसूं नयेत म्हणून बाजारांत येण्यापूर्वीं बहुतेक पाचूंना तेल किंवा राळ पाजलेली असते. गरम पाणी व साबण यांनीं तें तेल हळूहळू निघून जातें, भेगा उघड्या पडतात, आणि हौसेनें घेतलेला हिरवागार खडा धुरकट दिसूं लागतो. ज्या हातांना दिवसांतून वीस वेळां धुवावयाचें आहे, त्यांच्यासाठीं पाचू घेणें म्हणजे त्याला जाणूनबुजून म्हातारा करणें होय.

हिऱ्याविषयींही एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. कठीण म्हणजे अभंग नव्हे. हिऱ्यावर ओरखडा निघत नाहीं, पण त्याच्या अंगीं चिरण्याच्या ठराविक दिशा असतात. त्या दिशेनें घाव बसला तर तो दुभंगतो. जुने कारागीर हिरा फोडतांना ह्याच गुणाचा उपयोग करीत. शिवाय हिऱ्याला तेलकट वस्तु फार लवकर चिकटते. आफ्रिकेंतील खाणींत चरबी फांसलेल्या उतरत्या फळ्यांवरून खडीमिश्रित पाणी सोडीत. दगड वाहून जात आणि हिरे चरबीला चिकटून राहत. स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या हातांतला हिरा चार दिवसांत निस्तेज दिसतो तो ह्याच कारणानें. कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ ब्रश एवढ्यानें तो पुन्हां उजळतो. मात्र हें काम वाटींत करावें, मोरीवर धरून नव्हे. मोरीनें गिळलेल्या खड्यासाठीं कोळ्याचें नशीब पुन्हां उघडत नाहीं.

आतां खऱ्याखोट्याचा विचार. पूर्वीं प्रश्न एवढाच असे कीं खडा खरा कीं कांच. आतां मधल्या पायऱ्या पुष्कळ झाल्या आहेत, आणि नेमकें तेथेंच सामान्य ग्राहक गोंधळतो. माणिक व नील तापवून त्यांचा रंग खुलविण्याची रीत जुनी व बाजारांत मान्य आहे. विकणाऱ्यानें ती सांगितली पाहिजे एवढेंच. परंतु हलक्या प्रतीच्या, भेगाळलेल्या माणकांत शिशाची कांच भरून त्यांना पारदर्शक करण्याचा एक प्रकार आहे. अशा माणकाला लिंबाचा रस देखील सोसत नाहीं. भेगांतील कांच खाल्ली जाते. ज्या घरांत रोज वरणभातावर लिंबू पिळलें जातें, तेथें असलें माणिक किती दिवस टिकेल हें सांगावयास नको. पुष्कराज म्हणून सुनेला, म्हणजे पिवळी गारगोटी, गळ्यांत मारण्याचे प्रकारही ऐकूं येतात. पुष्कराज नीलाच्या कुळांतला, काठिण्य ९, सुनेला ७. दोघांचा रंग सारखा दिसला तरी आयुष्य सारखें नाहीं.

प्रयोगशाळेंत घडविलेलें रत्न हा यापुढचा विषय. कृत्रिम माणिक व्हर्न्यूल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९०२ सालीं जाहीर केलें. कृत्रिम हिरा १९५४ सालीं अमेरिकेंत तयार झाला, आणि आतां सुरतेसारख्या ठिकाणीं असे हिरे मोठ्या प्रमाणावर निघतात. हा हिरा म्हणजे कांच नव्हे व अमेरिकन डायमंड म्हणून ओळखला जाणारा झिर्कोनियाचा खडाही नव्हे. तो शुद्ध कर्बाचाच, तेवढाच कठीण, तेवढाच चमकदार असतो. यंत्राच्या साहाय्याखेरीज तज्ज्ञालाही भेद करतां येत नाहीं. खनिज हिऱ्याच्या मानानें त्याची किंमत पुष्कळ कमी असते व अलीकडच्या वर्षांत ती आणखी उतरत गेली आहे. तेव्हां पुढेंमागें मोडून पैसे उभे करूं अशा हिशेबानें तो घेऊं नये. अंगावर घालण्यासाठीं घ्यावयाचा तर त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. लाज आहे ती एक सांगून दुसरें देण्यांत. मान्य प्रयोगशाळेचें प्रमाणपत्र मागावें, त्यांत 'नैसर्गिक' लिहिलें आहे कीं 'प्रयोगशाळेंत निर्मिलेला' तें वाचावें, आणि खड्यावर केलेल्या संस्कारांची नोंद पाहावी. प्रमाणपत्र मागितल्यानें सराफाचा अपमान होत नाहीं. प्रामाणिक सराफ तें न मागतां पुढें ठेवतो.

वजनाच्या भाषेंतही सावध असावें. सोन्याच्या जुन्या मापांत एका तोळ्याचे १२ मासे व ९६ गुंजा. म्हणजे एक गुंज सुमारें ०.१२ ग्रॅम. रत्नांच्या व्यापारांतील रत्ती याहून मोठी, सुमारें ०.१८ ग्रॅमची. आणि कॅरट म्हणजे बरोबर ०.२ ग्रॅम. "पांच रत्तीचा खडा" असें कोणी म्हटलें, तर एका मापानें तो तीन कॅरटचा होतो व दुसऱ्या मापानें साडेचार कॅरटचा. म्हणून व्यवहार कॅरटांत व ग्रॅमांत करावा, आणि बिलावरही तसेंच लिहून घ्यावें. आणखी एक गोष्ट : वजन दुप्पट झालें म्हणून खडा दुप्पट रुंद दिसत नाहीं. गोल पैलूंचा एक कॅरटचा हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो, अर्ध्या कॅरटचा पांच मिलिमीटरहून किंचित् अधिक. पैसे मात्र दुपटीहून अधिक पडतात. हिऱ्याचें तेज मुख्यतः पैलूंच्या प्रमाणबद्धतेवर अवलंबून असतें. चांगल्या पैलूंचा लहान हिरा वाईट पैलूंच्या मोठ्या हिऱ्याला सहज मागें टाकतो.

यानंतर घाट. खडा बसविण्याच्या दोन मुख्य तऱ्हा. एकींत बारीक काट्यांनीं खडा वरून धरलेला असतो. त्याला चहूंकडून प्रकाश मिळतो व तो मोठा दिसतो. परंतु काटे पातळ कपड्यांत, केसांत, लोकरीच्या धाग्यांत अडकतात, हातमोजे फाडतात, आणि एखादा काटा झिजला कीं खडा केव्हां गळून पडला हें कळतही नाहीं. दुसरी तऱ्हा कोंदणाची. यांत सोन्याची कड खड्याच्या भोंवतीं सर्व बाजूंनीं दाबून बसविलेली असते. खडा थोडा लहान दिसतो, पण त्याच्या धारा सुरक्षित राहतात. 'हिरा कोंदणांत शोभतो' असें मराठींत म्हणतात. तो तेथें टिकतोही, हें त्यांत घालावयास हरकत नाहीं. याच्याही पुढची तऱ्हा म्हणजे पट्टीच्या पृष्ठभागाशीं सपाट होईल असा खडा आंत बसविणें. अशी अंगठी हाताला लागत नाहीं, कोठें अडकत नाहीं व साध्या वळ्यासारखी दिसते. आजीच्या काळीं वळें व वेढणें हे घाट घरोघर होते. त्यांचाच हा सुधारलेला अवतार म्हणावयाचा.

सोन्याच्या कसाचा घाटाशीं निकट संबंध आहे. २२ कॅरट सोन्यांत शंभरांत ९१.६ भाग शुद्ध सोनें असतें, १८ कॅरटमध्यें ७५ भाग. पहिलें अधिक मौल्यवान, पण मऊ. त्याचे बारीक काटे लवकर वांकतात. साध्या वळ्याला व भक्कम कोंदणाला २२ कॅरट चालतें. नाजूक कामाला १८ कॅरटचें मिश्रण बरें. कित्येक घरांत १८ कॅरट म्हणजे फसवणूक अशी समजूत आहे. सांगून दिलें व त्याच दरानें आकारलें, तर तो कारागिरीचा प्रश्न आहे, अप्रामाणिकपणाचा नव्हे. हॉलमार्कची सक्ती २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांची ओळखसंख्या आवश्यक झाली. तथापि ह्या आदेशानें दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या वस्तूंना, तसेंच कुंदन, पोलकी व जडावाच्या कामाला सूट दिली. अंगठी हलकी असते, म्हणून ही सूट ध्यानांत ठेवावी आणि अशा वेळीं कस बिलावर स्पष्ट लिहून घ्यावा. सोन्याचें निव्वळ वजन, खड्याचें वजन व घडणावळ हीं तीन कलमें निरनिराळीं मांडलेलीं असावींत. खडा सोन्याबरोबर तोलून सोन्याच्या भावानें आकारण्याची युक्ति सराफकट्ट्याइतकीच जुनी आहे.

मापाविषयीं दोन शब्द. बोट सकाळीं व थंडींत बारीक असतें, संध्याकाळीं व उन्हाळ्यांत फुगतें. माप संध्याकाळीं घ्यावें, आणि अंगठी सांध्यावरून किंचित् अडखळत उतरेल अशी ठेवावी. काट्यांची अंगठी वर्षांतून एकदां कानाशीं धरून हलवावी; खडा सैल झाला असेल तर बारीक आवाज येतो.

ग्रहांच्या रत्नांचा प्रश्न बहुतेक घरांत निघतोच. मुलीची रास कोणती, नील लागतो कीं बाधतो, पुष्कराज किती रत्तीचा हवा, अशी चर्चा सुरू होते व अंगठीची सगळी निवड पंचांगाकडे जाते. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीं ग्रहाचें रत्न अवश्य घालावें; पण तें वेगळें घालावें. दोन माणसांनीं एकमेकांस दिलेल्या शब्दाची खूण आणि एका माणसाच्या पत्रिकेवरील उपाय, हे दोन हेतु एका अंगठींत कोंबले म्हणजे महादशा बदलली कीं साखरपुड्याची अंगठी उतरावी लागते.

शेवटीं पेन्सिलीनें लिहिलेल्या त्या आंकड्याविषयीं. वर्ध्याच्या परिसरांत दागिन्यांचा विचार करतांना इतिहास आपोआप समोर उभा राहतो. जमनालाल बजाजांच्या पत्नी जानकीदेवी यांनीं ऐश्वर्याच्या घरांत राहून पतीच्या सूचनेवरून सोन्याचे अलंकार सोडले. १९३३ च्या नोव्हेंबरांत गांधीजींची हरिजन-यात्रा वर्ध्याहूनच निघाली. पुढच्या जानेवारींत त्याच यात्रेंत मलबारांतील बडगरा येथें कौमुदी नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलीनें आपले अंगावरचे दागिने काढून दिले, आणि ते पुन्हां करून मागणार नाहीं असेंही सांगितलें. गांधीजींनीं तिच्या त्यागाविषयीं 'हरिजन' पत्रांत लेख लिहिला. १९३६ सालीं ते सेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास आले. हा आदर्श प्रत्येक घरानें जसाच्या तसा उचलावा असें कोणी म्हणणार नाहीं. लग्नांत हौस असावी, आणि ती सर्वांना हवी असते. परंतु ज्या मातीनें इतका मोठा त्याग पाहिला, तेथें निदान अंगठीसाठीं कर्ज काढावें लागूं नये, एवढी अपेक्षा वावगी ठरणार नाहीं. वाङ्निश्चयाची खूण म्हणून आणलेल्या वस्तूचे हप्ते फेडण्यांत नव्या संसाराचीं पहिलीं दोन वर्षें जाणें, हें त्या शब्दालाच शोभत नाहीं.

सिंदी मेघ्यांतील त्या बैठकींत ह्या सर्व गोष्टी एकामागून एक निघाल्या, असें समजावें. तिन्ही चित्रें बाजूला झालीं आणि कोऱ्या कागदावर चौथें काढलें गेलें : १८ कॅरट सोन्याची, तीन ग्रॅमची, कडा गोलावलेली पट्टी, तिच्यांत सपाट बसविलेला सुमारें तीन मिलिमीटरचा, म्हणजे कॅरटाच्या दहाव्या हिश्शाइतका हिरा. आत्याबाईंना हिरा मिळाला. "लहान आहे," असें त्या एकदां म्हणाल्या, आणि पैलूंच्या प्रमाणाची गोष्ट ऐकून पुन्हां म्हणाल्या नाहींत. आजीनें आपली नथ पेटींतून काढून आणली. ती लग्नाच्या दिवशीं सुनेच्या नाकांत जाईल, मोत्याच्या जागीं मोती राहील. वडिलांनीं पेन्सिल घेऊन नवा आंकडा मांडला, आणि तो पाहून सहकारी पतपेढीचा अर्ज घडी करून खिशांत घातला.

एकच प्रश्न उरला होता. वॉर्डांत ही अंगठी देखील काढावीच लागणार. त्याचें उत्तर मुलीनें स्वतःच दिलें. गळ्यांतील साखळीची फांस पट्टीतून सहज जाईल इतकी पट्टी अरुंद ठेवावी. कामावर असतांना अंगठी साखळींत ओंवून आंत राहील, आणि सुटी झाली कीं बोटांत येईल. मुलाची अंगठीही त्याच घाटाची, खड्याशिवायची करावी असें ठरलें.

माप संध्याकाळीं दोरा गुंडाळून घेतलें. पट्टीच्या आंतल्या बाजूस कोरण्यासाठीं नांव हवें होतें. मुलाच्या आईनें कागद मुलीपुढें सरकविला व म्हटलें, "तुझ्या हातानें लिही ग, सोनार तसेंच कोरील." मुलीनें मुलाचें नांव लिहिलें, खालीं साखरपुड्याची तारीख घातली, आणि दुसऱ्या अंगठीसाठीं जागा सोडून कागद त्याच्याकडे दिला.